नाव राहिले, गावे गेली

आपल्याकडे आडनावे गावांवरून पडतात. वाईकर मंडळी तीन पिढ्या पुण्यात नांदतात, वाईला त्यांची ओंजळभर मातीही उरलेली नसते. आडनाव मात्र टिकते. एका अख्ख्या प्रांताची अशीच गत झाली आहे. ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाला, हंगेरीच्या सरहद्दीला चिकटलेला बुर्गेनलांट हा तो प्रांत.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. शेतकरी बहुतेक जर्मन बोलणारे. मधूनमधून क्रोएशियन आणि हंगेरियन बोलणारी गावे. युद्धात हरलेल्या साम्राज्याची वाटणी झाली, तेव्हा प्रेसबुर्ग, वीझेलबुर्ग, ओडेनबुर्ग आणि आयझेनबुर्ग या चार जिल्ह्यांच्या पश्चिम कडा ऑस्ट्रियाला द्यायची बोलणी झाली. 'बुर्ग' म्हणजे गढी. चार जिल्ह्यांच्या नावांतल्या या गढ्यांवरून नव्या प्रांताचे बारसे झाले. पण जिल्ह्यांना नावे देणारे एकही ठाणे प्रांतात आले नाही! प्रेसबुर्ग चेकोस्लोव्हाकियात जाऊन ब्रातिस्लावा झाले. ओडेनबुर्ग, म्हणजे शोप्रोन, राजधानी व्हायचे होते. डिसेंबर १९२१ मध्ये तिथे आणि भोवतीच्या खेड्यांत सार्वमत झाले. सुमारे ६५ टक्के मते हंगेरीला पडली. मोजणी सरळ झाली नाही, अशी ऑस्ट्रियाची तक्रार होती. तिचा उपयोग झाला नाही.

नकाशा पाहा. शोप्रोनची पाचर आत शिरल्यामुळे प्रांताची कंबर एके ठिकाणी जेमतेम ४ किलोमीटर उरली आहे. विद्वान सीमारेषांवर ग्रंथ लिहितात, पण शेतकऱ्याला ती रेष बाजाराच्या दिवशी कळते. धान्य विकायचे, कज्जा चालवायचा, मुलाला वरच्या शाळेत घालायचे, तर वाट पूर्वेच्या शहरांकडेच जायची. आगगाडीचे रूळही तिकडेच. ती शहरे एकाएकी परदेश झाली. १९२५ साली आयझेनश्टाट या लहानशा गावाला राजधानीचा मान मिळाला. संगीतकार हायडन तिथल्या सरदारांच्या पदरी होता, एवढीच त्याची जुनी मिरास. पोटापाण्यासाठी लोक व्हिएन्नाला गेले, कित्येक थेट अमेरिकेला.

पुढे याच सरहद्दीवर तारांचे कुंपण आले. १९५६ च्या उठावानंतर आंडाऊ गावाजवळच्या एका साध्या लाकडी पुलावरून हजारो हंगेरियन निर्वासित इकडे आले. १९ ऑगस्ट १९८९ रोजी शोप्रोनजवळ एका सहभोजनाच्या निमित्ताने फाटक उघडले आणि सहाशेंहून अधिक पूर्व जर्मन पलीकडे निसटले.

आता शोप्रोनला जायला बुर्गेनलांटकरांना कोणाची मनधरणी करावी लागत नाही. पुष्कळजण दात दाखवायला जातात. तिथले दंतवैद्य स्वस्त पडतात.