फ्रेम मोजाल, की त्यांमधील अंतर?



संगणकावर खेळ खेळणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना एक कोडे पडले असेल. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो १२०. म्हणजे दर सेकंदाला १२० चित्रे. तरीही मोटार वळणावर आली की चित्र क्षणभर अडखळते आणि मग एकदम उडी मारून पुढे जाते. ‘फ्रेम जनरेशन’ ही सोय चालू केली की आकडा जवळजवळ दुप्पट होतो, पण अडखळणे मात्र जात नाही. कधी कधी तर ते अधिकच जाणवते. असे का व्हावे?

खेळातली ही अडचण क्षुल्लक वाटेल. परंतु सरासरी म्हणजे काय आणि मोजमाप म्हणजे काय, हे दोन महत्त्वाचे प्रश्न तिच्या मुळाशी आहेत. त्यांची उत्तरे ठाऊक नसली, तर केवळ मोठ्या आकड्याला भुलून घरातले पुष्कळ पैसे भलत्याच वस्तूवर खर्च होतात. म्हणून हा विषय नीट समजावून घेऊ.

सरासरी काय लपवते?

समजा, एस.टी. स्थानकावरील फलकावर लिहिले आहे, ‘दर तासाला ६ गाड्या’. सरासरीने दर दहा मिनिटांनी एक गाडी झाली. पण सहाही गाड्या पहिल्या दहा मिनिटांतच एकामागोमाग निघून गेल्या तर? फलक खोटा ठरत नाही. तुमचे मात्र पन्नास मिनिटे उभे राहून पाय दुखतात. प्रवाशाला हवी असते ती गाड्यांची संख्या नव्हे, तर दोन गाड्यांमधील अंतराची खात्री.

चित्रांचेही तसेच आहे. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. आता दोन संगणक घ्या. पहिल्यावर साठही फ्रेम १६.७ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात. दुसऱ्यावर ५९ फ्रेम १५ मिलिसेकंदांना एक अशा येतात आणि एकच फ्रेम ११५ मिलिसेकंद घेते. बेरीज करून पाहा: ५९ गुणिले १५ म्हणजे ८८५, त्यात ११५ मिळवले की बरोबर १०००. दोन्ही संगणकांचा आकडा ६०च! पण पहिल्यावर हालचाल पाण्यासारखी वाहते आणि दुसऱ्यावर दर सेकंदाला एक ठेच लागते. डोळ्याला सरासरी दिसत नाही. त्याला दिसते ती ठेच.

खेळांची यंत्रे तपासताना सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ पाहावा, हा आग्रह स्कॉट वॉसन यांनी सप्टेंबर २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’मधील लेखात धरला. आज चांगल्या परीक्षणांत सरासरीबरोबर सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा आकडाही दिला जातो. हा दुसरा आकडा पाहिल्याशिवाय पहिल्यावर विश्वास ठेवू नये.

मधली चित्रे कोण काढते?

आता फ्रेम जनरेशनकडे वळू. हाताने काढलेल्या चलच्चित्रांत मुख्य चित्रकार हालचालीतील महत्त्वाच्या अवस्था रेखाटतो आणि मधली चित्रे साहाय्यक भरतात. फ्रेम जनरेशनमध्ये चित्रपत्र, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, हेच साहाय्यकाचे काम करते. खेळाने खरोखर तयार केलेल्या दोन फ्रेम घ्यायच्या, वस्तू कोठून कोठे सरकल्या ते पाहायचे आणि मधले चित्र अंदाजाने बनवायचे. एनव्हिडिया कंपनीने ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘डीएलएसएस ३’ या नावाने आणली. एएमडी कंपनीची ‘एफएसआर ३’ सप्टेंबर २०२३ मध्ये आली. २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाने एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत बनवलेल्या फ्रेम देणारी पुढची आवृत्ती जाहीर केली.

या पद्धतीत एक गोष्ट अटळ आहे. मधले चित्र काढायचे तर पुढचे चित्र आधी हाती असावे लागते. म्हणजे तयार झालेली खरी फ्रेम लगेच न दाखवता थोडी रोखून धरावी लागते. खऱ्या फ्रेम सेकंदाला ३० असतील, तर त्यांमधील अंतर ३३.३ मिलिसेकंद. नवी खरी फ्रेम तयार झाली की आधी मधले चित्र दाखवायचे आणि अर्ध्या अंतरानंतर खरे. म्हणजे किमान १७ मिलिसेकंदांचा उशीर झाला. शिवाय चित्र बनवण्याचा वेळ वेगळाच. खऱ्या फ्रेम ६० असतील तर हाच उशीर सुमारे ८ मिलिसेकंदांवर येतो. बनवलेल्या चित्रांत तुमच्या बोटांच्या नव्या हालचालीची दखलही नसते, कारण खेळाला त्या चित्रांचा पत्ताच नसतो. म्हणून पडद्यावर १२० दिसले, तरी हाताला ६०चाच, किंबहुना थोडा मंदच, अनुभव येतो.

ठेच का जात नाही?

खऱ्या फ्रेममधील अंतरे २०, २० आणि ६० मिलिसेकंद आहेत असे समजा. प्रत्येक अंतराच्या मधोमध एक चित्र भरले, तर नवी अंतरे होतात १०, १०, १०, १०, ३० आणि ३०. आकडा दुप्पट झाला, पण तिप्पट अंतराची विषमता जशीच्या तशी राहिली. पूर्वी सर्वच काही थोडे जड वाटत होते. आता गुळगुळीत रस्त्यावर अचानक खड्डा आल्यासारखे वाटते. वर, पुढची खरी फ्रेम नेमकी केव्हा येईल हे यंत्राला आधी ठाऊक नसते. त्यामुळे मधले चित्रही नेहमी मधोमध बसेलच असे नाही.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे, की फ्रेम जनरेशन हा रंगाचा हात आहे, भिंतीची डागडुजी नव्हे. भिंत धड असेल तर रंग शोभतो. पोपडे निघत असतील तर तो पोपड्यांसह निघतो. म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे.

प्रथम फ्रेम जनरेशन बंद करा आणि मूळ खेळ पाहा. पडद्यावरील रंग-प्रकाशाची गणिते करणारे ‘शेडर’ नावाचे छोटे कार्यक्रम काही खेळ ऐन वेळी तयार करतात आणि तेवढा वेळ चित्र थांबते. खेळ सुरू होताना ही तयारी करण्याची सोय असेल, तर ती पुरी होऊ द्या. दुसरे कारण म्हणजे चित्रपत्राची अपुरी स्मृती. ती भरली की माहिती संगणकाच्या मुख्य स्मृतीतून वारंवार आणावी लागते आणि ठेच लागते. फ्रेम जनरेशनलाही स्वतःची जागा लागते. तेव्हा पृष्ठपोताचा, म्हणजे टेक्श्चरचा, दर्जा एक पायरी खाली आणा. तिसरे, मागे चालू असलेले अनावश्यक कार्यक्रम बंद करा.

मग खऱ्या फ्रेमना कमाल मर्यादा घाला. कधी ९०, कधी ५० अशा धावण्यापेक्षा सतत ६० बऱ्या. आधीची गती ६० च्या आसपास स्थिर असेल तरच ही सोय वापरावी, अशी एएमडीचीही शिफारस आहे. शेवटी सोय चालू करा आणि एकूण आकडा पडद्याच्या क्षमतेच्या किंचित खाली ठेवा. पडदा सेकंदाला १२० वेळा बदलणारा असेल तर एकूण फ्रेम ११६ च्या आसपास, म्हणजे खऱ्या ५८. फ्रेम येईल तेव्हाच चित्र बदलणारा पडदा असेल, तर त्याची ती सोय अवश्य चालू ठेवा. लहानसहान विषमता तो सावरून घेतो.

अंदाज आणि मोजमाप

प्रयोगशाळेत तुम्ही दर पाच मिनिटांनी पाण्याचे तापमान नोंदवता आणि आलेखावर बिंदू जोडून रेषा काढता. रेषेवरून बाराव्या मिनिटाचे तापमान सांगता येते. ते बहुधा बरोबरही असते. पण ‘मी दर मिनिटाला नोंद घेतली’ असे वहीत लिहिले, तर शिक्षक रागावतील, आणि ते योग्यच. मधल्या वेळात कोणी बर्फाचा खडा टाकला असेल तर रेषेला ते कळणार नाही. काढलेला बिंदू आणि घेतलेली नोंद एकाच रकान्यात लिहायची नसते.

जाहिरातींत मात्र नेमके हेच घडते. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी ५४९ डॉलरांचे ‘आरटीएक्स ५०७०’ हे चित्रपत्र, १५९९ डॉलरांना आलेल्या ‘आरटीएक्स ४०९०’ इतकी कामगिरी देईल, असे व्यासपीठावरून सांगितले. ही तुलना कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या फ्रेम जमेस धरूनच शक्य होती. बनवलेल्या फ्रेमना कोणी निरुपयोगी म्हणू नये. स्थिर पायावर त्या डोळ्यांना खरोखर सुख देतात. पण खऱ्या किती, बनवलेल्या किती आणि उशीर किती, हे तीन आकडे वेगवेगळे छापले गेले पाहिजेत. ग्राहकाचा तो हक्क आहे.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. सेकंदाला २४० चित्रे घेणारा कॅमेरा आता पुष्कळ मोबाइल फोनमध्ये असतो. त्याने खेळ चालू असलेला पडदा काही सेकंद टिपा आणि चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवत, पडद्यावरचे प्रत्येक दृश्य किती चित्रे टिकते ते मोजा. ६० फ्रेमचा सुरळीत खेळ ४, ४, ४, ४ असा दिसेल. अडखळणारा ४, ४, ८, ४ असा. सरासरी आणि विचलन शिकवायला याहून आवडीचे उदाहरण मिळणे कठीण. एकाच खेळाचे दोन स्तंभालेख काढून वर्गात लावा आणि कोणता खेळ चांगला चालतो, हे मुलांनाच सांगू द्या.

मित्रहो, यापुढे कोणी मोठा आकडा दाखवला, मग तो खेळातील फ्रेमचा असो वा परीक्षेच्या सरासरी गुणांचा, तर दोन प्रश्न न चुकता विचारा. यातले मोजलेले किती आणि अंदाजाने भरलेले किती? आणि सरासरीच्या आड सर्वांत वाईट क्षण कोणता दडला आहे?