जुनी मोटरसायकल काचेत ठेवायची नसते

सत्तरच्या दशकातली मोटोक्रॉसची मोटरसायकल घेऊन शर्यतीत उतरावं, असं कुणी नुसतं बोलून दाखवलं की इकडे अमेरिकेत तीन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "तो इतिहास आहे, चिखलात कसला घालतोस!" दुसरा, "आधी शेवटच्या बोल्टापर्यंत रिस्टोअर कर, मग शर्यतीचं बघू." आणि तिसरा, "जुन्या गाड्या हळूच असतात, धोका काही नाही, खुशाल उतर." तिन्ही सल्ले देणारी माणसं सज्जन असतात. आणि तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोटोक्रॉस म्हणजे माती, चढउतार, खड्डे आणि उड्या असलेल्या ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. व्हिंटेज मोटोक्रॉस म्हणजे तीच शर्यत, पण जुन्या गाड्यांवर. अमेरिकेत त्या भरवणारी मोठी संस्था म्हणजे अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन. बोलताना सगळे 'आर्मा' म्हणतात. 1989 पासून ती सभासदांच्या मालकीची, ना-नफा संस्था आहे. तिच्या नियमांत 'व्हिंटेज' गाडी म्हणजे ढोबळमानाने 1974 मॉडेलपर्यंतची, आणि सस्पेन्शनची हालचाल पुढे 7 इंच, मागे 4 इंच. बस्स. आजच्या मोटोक्रॉस गाडीला दोन्हीकडे साधारण 12 इंच मिळतात.

हे 1974 कुठून आलं? 1973 साली स्वीडनच्या हाकन अँडरसनने यामाहाच्या, मागे एकच शॉक असलेल्या गाडीवर 250 सीसीचं जागतिक विजेतेपद जिंकलं. पाठोपाठ जर्मनीच्या मायकोने मागचे दोन्ही शॉक पुढे सरकवून चाकाला जास्त हालचाल दिली. मग सगळ्यांचीच चढाओढ लागली आणि दोन-तीन वर्षांत आधीच्या गाड्या शर्यतीच्या दृष्टीने भंगार झाल्या. कुणाच्या शेतावरच्या गोठ्यात, कुणाच्या गॅरेजमागे, ताडपत्रीखाली पडून राहिल्या. आज ज्याला आपण डोळे ओले करून 'वारसा' म्हणतो, तो तेव्हा फुकट दिला तरी कुणाला नको होता. त्याला पुन्हा किंमत आली ती त्यावर बसून धूळ खाणाऱ्या माणसांमुळे. काचेच्या कपाटवाले नंतर आले.

आता पहिला सल्ला घेऊ. शर्यतीत धातू झिजतो, फ्रेम वाकतात, नंतर काहीच उरणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. कारखान्याने आपल्या संघासाठी बनवलेल्या, जगात एखाद-दुसरीच उरलेल्या गाड्या म्युझियममध्येच असाव्यात. पण नवशिक्या माणूस त्या घेतच नसतो. तो घेतो होंडा एल्सिनोर. कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोरच्या शर्यतीवरून नाव पडलेली ही गाडी 1973 मध्ये बाजारात आली, त्याच वर्षी गॅरी जोन्सने तिच्यावर अमेरिकेचं 250 सीसीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि मग ती गल्लोगल्ली विकली गेली. हजारोंनी बनलेली आणि आपटून घेण्यासाठीच बनलेली ही गाडी. तिला जपून कुणासाठी ठेवायचं?

आणि जपणाऱ्यांनी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांसाठी आजही नवे पिस्टन, रिंगा, क्लचच्या प्लेटा, सील, केबली मिळतात, त्या कुणाच्या जिवावर? काचेतल्या गाडीला पिस्टन लागत नाही. ती झिजवणारं गिऱ्हाईक आहे म्हणून ते बनवणारा कारखाना आहे. उद्या सगळ्यांनी गाड्या पुसून दिवाणखान्यात ठेवल्या तर चार-दोन वर्षांत सुटे भाग बंद, आणि त्यानंतर त्या खरोखरच पुतळे. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, गाडीलाही झेंडूचा हार पडतो. पण तो हार घालूनच गाडी बाहेर काढतात ना? हळदकुंकू लावलं म्हणून कुणी सुताराचा रंधा कायमचा देव्हाऱ्यात ठेवत नाही.

दुसरा सल्ला जास्त घातक आहे, कारण तो शहाणपणाचा वाटतो. "आधी संपूर्ण रिस्टोअर कर." ह्या एका वाक्याने जेवढे लोक शर्यतीपासून दूर राहिले असतील तेवढे हात-पाय मोडून राहिले नसतील. माणूस उत्साहाने गाडी उघडतो. इंजिन एका खोक्यात, चाकं भिंतीला, टाकी रंगवायला. मग टाकीचा रंग मूळच्या रंगाशी जुळतो का ह्यावर सहा महिने. मग मूळचेच हँडलग्रिप हवेत. मग मुलांच्या परीक्षा. दहा वर्षांनी तीच खोकी दुसऱ्याच कुणाला विकली जातात आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'नव्वद टक्के काम पूर्ण'!

सुरुवात करायची तर उलट बाजूने करा. आधी गाडी घेऊच नका. स्थानिक क्लबच्या शर्यतीला जा आणि वळणावर झेंडा धरून उभं राहायचं काम मागा. क्लबांना अशी माणसं कायम कमी पडतात, नाही म्हणत नाहीत. एका दिवसात कळतं की कुठल्या गाड्या शेवटपर्यंत पळतात, कुठल्या ढकलत परत येतात, आणि पिटमध्ये कुणाकडे कसले भाग आहेत. जमलं तर जुलैत ओहायोतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर 'व्हिंटेज मोटरसायकल डेज' भरतात तिथे एक चक्कर मारा. तिथला सुट्या भागांचा बाजार पाहून पुण्याचा जुना बाजार आठवतो.

मग गाडी घ्या. पूर्ण, चालू आणि सर्रास मिळणारी. 125 किंवा 250. सुझुकीची टीएम 400 स्वस्तात मिळाली तर दुरूनच नमस्कार करा. तिची ताकद अचानक, एखाद्या दांडगट बैलासारखी येते, ही तिची ख्याती पन्नास वर्षं टिकून आहे. विकत घेताना रंगाकडे बघू नका. फ्रेमच्या गळ्यापाशी आणि मागच्या स्विंगआर्मच्या सांध्यापाशी वेल्डला चीर आहे का, ते बोट फिरवून बघा. स्पोक एकेक वाजवून बघा, सैल असला की आवाजच सांगतो.

आणि पडून राहिलेल्या टू-स्ट्रोकचे क्रँकचे सील बदलल्याशिवाय ती जोरात पळवू नका. रबर कडक झालेलं असतं. मॅग्नेटोकडचा सील गेला की इंजिन तिथून हवा ओढतं, मिश्रणात पेट्रोल आणि त्याबरोबरचं ऑइल कमी पडतं, आणि भर वेगात पिस्टन धरतो. क्लचकडचा गेला तर गिअरचं तेल ओढून धूर काढते. धूर निदान दिसतो, हवा दिसत नाही. ब्रेकचे जुने शू काढताना धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरचा झोत तर नाहीच नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. एवढं केलं, नवे टायर, नवी चेन, नव्या केबली टाकल्या की झाली गाडी तयार. टाकीला पोचे असू द्यात. पोचे असलेली टाकीसुद्धा तेवढंच पेट्रोल पोचवते.

तिसरा सल्ला, "हळू म्हणजे सुरक्षित." हे म्हणणाऱ्याने मागे 4 इंचांच्या शॉकवर एक उडी मारून दाखवावी. चौथा इंच संपला की पुढचा धक्का घ्यायला तुमचा कणा असतो. ड्रम ब्रेक पाण्यातून गेले की थोडा वेळ आहेत की नाहीत अशी स्थिती. बुल्टाको परसँगसारख्या गाड्यांचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. जुनी बुलेट चालवलेल्या मंडळींना हे सवयीचं वाटेल, पण बाकीचे घाबरल्यावर ब्रेक समजून गिअरच दाबतात. म्हणून व्हिंटेज शर्यती शक्यतो नैसर्गिक उंचसखल जमिनीवर घेतात. आजच्या स्टेडियमछाप ट्रॅकवरच्या लांब दुहेरी उड्या ह्या गाड्यांचं काम नव्हे, आणि सरावाला म्हणून तिथे जाऊन उड्या मारणं म्हणजे आ बैल मुझे मार. आणि एक वस्तू मात्र खरंच काचेत ठेवा. जुनं हेल्मेट. फोटोत कितीही छान दिसलं तरी त्यातला फोम वयाने गेलेला असतो. हेल्मेट, बूट, छातीचं कवच हे सगळं आजचं आणि नवंच हवं. गाडीवर वाचवलेले पैसे इथे घाला.

आता ह्या तिन्ही सल्ल्यांमागची खरी गोम. तिन्ही गाडीविषयी आहेत. गाडी जपा, गाडी सजवा, गाडी निरुपद्रवी आहे. माणूस कुठेच नाही. त्यामुळे हळूहळू असं वातावरण होतं की ज्याचा चेक मोठा तो खरा रसिक. इंग्लंडमध्ये 1965 पूर्वीच्या गाड्यांच्या स्पर्धांवर हा आरोप वर्षानुवर्षं होतो आहे की बाहेरून जुन्या दिसणाऱ्या गाड्यांत जुनं असं फारसं काही उरलेलं नसतं. इकडेही तसं पाहायला मिळतं. नवखा पोरगा आपली डागाळलेली एल्सिनोर घेऊन येतो, शेजारी चकाकणारं इंजिनिअरिंगचं प्रदर्शन बघतो आणि मनातून खचतो. त्याला कुणी सांगत नाही की नवशिक्यांचा गट वेगळा असतो, मध्यमांचा वेगळा, तरबेजांचा वेगळा. त्याला त्या प्रदर्शनाशी लढायचंच नाहीये.

आणि वयाचेही गट आहेत. चाळिशीपुढचे, पन्नाशीपुढचे, साठीपुढचे, सत्तरीपुढचेसुद्धा! सत्तरीचा माणूस गेट पडताच पुढच्या वळणासाठी भांडतो हे बघायला मला मनापासून आवडतं. पण पिटमध्ये एक फेरी मारली की दुसरी बाजूही दिसते. पांढरे केसच पांढरे केस. कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून जेट सांगणारी, पॉइंट्सचं अंतर सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याने लावणारी ही शेवटची पिढी. हे ज्ञान पुस्तकांत थोडं आणि हातांत जास्त आहे. शेजारी उभं राहून, पाना हातात देत देतच ते घेता येतं, तालमीत डाव शिकतात तसं. येत्या दहा-पंधरा वर्षांत पाना हातात द्यायला कुणी आलं नाही तर गाड्या राहतील, ज्ञान जाईल. त्या नवख्या पोराला टाकीच्या रंगावरून हिणवणारा प्रत्येक जण ह्या नुकसानाला हातभार लावतो आहे, एवढं त्याला ठणकावून सांगायला हवं.

हे फक्त अमेरिकेचं दुखणं आहे असंही नाही. 1964 ते 1969 च्या काळात जोएल रॉबर्ट आणि पॉल फ्रीडरिक्स ज्या सीझेड गाड्यांवर जग जिंकले, ती सीझेड म्हणजे जावाची बहीण, आणि म्हैसूरला बनलेली आपली येझदी त्याच कुळातली. महाराष्ट्रातही येझदी, राजदूत पुसून रविवारच्या चहापुरत्या बाहेर काढणारे खूप आहेत. त्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही. पण आठवड्यातून एकदा फडकं मारणं हे प्रेम असेल, तर शेजारच्या पोराला किक मारायला देणं हे त्याहून मोठं प्रेम आहे.

असो. तुमच्या ओळखीत कुणी जुनी मोटोक्रॉस गाडी घ्यावी म्हणत असेल तर त्याला रंगाचा नंबर सांगू नका. जवळच्या क्लबची पुढची शर्यत कधी आहे ते सांगा, आणि क्रँकचे सील बदलायला एक संध्याकाळ त्याच्या गॅरेजमध्ये जा.