पिसवा कुत्र्याला नव्हे, तुमच्या घराला झाल्या आहेत

घोट्याभोवती लाल पुरळ आणि रात्रभर खाज, अशी तक्रार घेऊन अनेक पेशंट येतात. "उष्णता झाली असेल डॉक्टर, रक्तशुद्धीचं काहीतरी द्या," अशी मागणीही असते. घरात कुत्रा आहे का, असे विचारले की उत्तर ठरलेले : "आहे, पण आमचा मोती स्वच्छ आहे. दर रविवारी आंघोळ घालतो!"

आंघोळीने पिसवा जातात, ही समजूत आधी काढून टाका. शाम्पूने आज अंगावर असलेल्या काही पिसवा मरतात. उद्या येणाऱ्या पिसवांचे त्याने काहीच बिघडत नाही.

पिसू राहते कुठे?

पूर्ण वाढलेली पिसू कुत्र्याच्या अंगावर राहून रक्त पिते. मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ही अंडी केसांना चिकटत नाहीत, कुत्रा जिथे झोपतो, बसतो, अंग झटकतो तिथे गळून पडतात. त्यातून अळ्या निघतात. अळ्यांना उजेड नको असतो, म्हणून त्या सोफ्याच्या फटीत, सतरंजीखाली, दिवाणाखाली शिरतात आणि पिसवांच्या विष्ठेतले वाळलेले रक्त खाऊन वाढतात. पुढे कोष तयार होतो. हवा उबदार आणि दमट असेल तर हे सारे चक्र तीन-चार आठवड्यांत पुरे होते. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे त्यांची चंगळच.

ढोबळ हिशेब असा, की कुत्र्यावर दिसतात त्या एकूण पिसवांपैकी जेमतेम ५ टक्के. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष या रूपात तुमच्या घरात असतात. मग फक्त कुत्र्याला औषध लावून घर तसेच ठेवण्यात काय अर्थ आहे?

"कुत्राच नको" हा उपाय नव्हे

घरात लहान मूल आले किंवा कुणाला पुरळ उठले, की काही घरांत कुत्र्याला लांब नेऊन सोडले जाते. हे क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. कोषातली पिसू अनेक महिने वाट पाहू शकते. पावलांची थरथर, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते. कुत्रा नसेल तर ती भूक कुणावर भागवणार? तुमच्यावरच. कुत्रा गेल्यावर माणसांना चावे वाढतात ते यामुळेच.

विषाचे प्रयोग थांबवा

कृषी सेवा केंद्रातून आणलेले पिकावरचे कीटकनाशक किंवा गाई-म्हशींच्या गोचिडांचे औषध 'थोडेसे पाण्यात घालून' कुत्र्याला चोळणारे लोक आहेत. कुत्रा अंग चाटतो आणि ते विष पोटात जाते. लाळ गळणे, थरथर, झटके आणि कधी मृत्यूही. त्याच अंगाला तुमचे मूल मिठी मारते, हे विसरू नका. रॉकेलने कातडी भाजते. लसूण खाऊ घातल्याने पिसवा पळत नाहीत, उलट कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटू शकतात. आणि पर्मेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराला लावले तर मांजर मरू शकते.

मग करायचे काय?

१. खात्री करा. कुत्र्याच्या केसांतले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा.

२. पशुवैद्यकाकडे जा. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब, फ्लुरालानर किंवा अफॉक्सोलानरच्या गोळ्या अशी चांगली औषधे आहेत. वय आणि वजन पाहून निवड त्यांनाच करू द्या. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर आवर्जून सांगा. घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करा. अगदी लहान पिल्लाला स्वतःहून काहीही लावू नका. पिसवा फार झाल्या तर पिल्लाचे रक्त धोकादायक पातळीपर्यंत कमी होते.

३. घर साफ करा. व्हॅक्युम क्लीनर फटींतून, कोपऱ्यांतून फिरवा आणि कचरा लगेच बाहेर टाका. कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. त्रास फार असेल तर अळ्यांची वाढ रोखणारी मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेनयुक्त फवारणी जाणकाराकडून करून घ्या. फवारा वाळेपर्यंत मुले आणि प्राणी बाहेर ठेवा.

४. धीर धरा. कोषावर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे काही आठवडे नव्या पिसवा दिसतच राहतात. याचा अर्थ औषध फुकट गेले असा नाही. उपचार किमान तीन महिने चालू ठेवा.

आणि तुमच्या अंगावरची खाज?

कॅलामाइन लोशन लावा, नखे कापा, खाजवू नका. खाज फार असेल तर डॉक्टरांना विचारून सेटिरिझिन घ्या. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली मलमे मनाने आणून लावू नका. लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर त्याला कुत्र्याचा फीतकृमी होऊ शकतो. शौचात तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर डॉक्टरांना दाखवा आणि घरात कुत्रा आहे हेही सांगा. इथे नुसते जंताचे औषध पुरत नाही. पिसवा राहिल्या तर कृमी परत येतो.

कुत्रा पाळायचा तर त्याच्या खाण्याच्या खर्चाबरोबर पिसवांच्या औषधाचा खर्चही धरायलाच हवा. तो परवडत नाही म्हणून स्वस्तातले विष चोळणे ही काटकसर नव्हे. पिसवा झाल्या यात लाज नाही. त्या लपवण्यात आणि त्याची शिक्षा मुक्या जिवाला देण्यात मात्र आहे.