आजीवन म्हणजे कागलपर्यंत

'आजीवन' हा शब्द आपल्याकडे जपून वापरायची रीत आहे. आजीवन कारावास, आजीवन सभासदत्व, आजीवन ब्रह्मचर्य. या तिन्हींत मेल्याशिवाय सुटका नाही असा सर्वसाधारण समज आहे. (ब्रह्मचर्याच्या बाबतीत अपवाद ऐकिवात आहेत, पण तो विषय वेगळा.) या शब्दाची सर्वांत जास्त हेळसांड कोणी केली असेल, तर ती मोटारींवरचा कर वसूल करणाऱ्या आपल्या राज्य सरकारांनी. गाडी घेताना एकरकमी भरायचा तो आजीवन कर, लोकांच्या तोंडी 'लाइफटाइम टॅक्स'. हे लाइफ पंधरा वर्षांचे धरतात. तेही ठीक आहे, कुत्र्याला बारा तर गाडीला पंधरा. पण हे आयुष्य राज्याच्या हद्दीपुरतेच असते, हे पावतीवर कोणी छापत नाही. पुण्याहून दक्षिणेला निघालात तर ते कागलला संपते. पुढे कोगनोळी, म्हणजे कर्नाटक. तिथे कायमचे राहायला गेलात की गाडीचा पुनर्जन्म. आणि पुनर्जन्माचे पैसे वेगळे.

मला स्वतःला गाडी नाही. एक स्कूटर आहे आणि ती अजून जिल्ह्याबाहेर गेलेली नाही. पण आमच्या थोरल्या साडूंना गाडी आहे, आणि नात्यात एक बँकवाला असला की सगळ्या घराण्याचे फॉर्म त्याच्याच पानात वाढले जातात. साडू हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी सहा लाखांची मारुती घेतली. महाराष्ट्राचा दर अकरा टक्के, म्हणजे सहासष्ट हजार कर. तो त्यांनी एका चेकने भरला आणि घरी येऊन पेढे वाटले. पाच वर्षांनी बंगळूरचा मुलगा म्हणाला, "बाबा, आता इकडेच या." साडू निघाले. पाटा-वरवंटा निघाला, तांब्याचा बंब निघाला. प्रश्न उरला मारुतीचा.

"विकून टाका," असे मी म्हणालो नाही. ज्यांचे सासर एक आहे त्यांनी एकमेकांना असले सल्ले देऊ नयेत. साडूंचे गुडघे आणि डोळ्यांतला मोतीबिंदू लक्षात घेता सातशे किलोमीटर स्वतः हाकणे अशक्य. रेल्वेने स्कूटर पार्सल करता येते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून मोटारीचीही चौकशी झाली. कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णे अशी मोटारी वाहून नेणारी गाडी काढली होती, एका खेपेला चाळीस मोटारी, दर मोटारीला ७,८७५ रुपये. साडूंना कोलाडला राहून वेर्ण्याला स्थलांतर करायचे असते तर प्रश्नच मिटला असता. त्रेतायुगात मारुतीने अख्खा द्रोणागिरी उचलून नेला. कलियुगात त्याच मारुतीला उचलून न्यायला माणसे शोधावी लागतात.

अशी माणसे पुष्कळ आहेत. फोन केल्यापासून तासाभरात नऊ हजारांपासून बावीस हजारांपर्यंत दर आले. गाडी तीच, रस्ता तोच. नऊ हजारवाला दर वाक्याला दोनदा 'सर' म्हणत होता. बँकेत ज्याची सही जुळत नाही तो गिऱ्हाईक असाच बोलतो, म्हणून तो बाद केला. शेवटी चौदा हजारांवर ठरले. 'डोअर टू डोअर, ट्रेलरवरून.' आता सहा-आठ मोटारी पोटात घेतलेला ट्रेलर साडूंच्या बोळात शिरायचा तर आधी दोन्ही बाजूंची घरे पाडावी लागली असती. तेव्हा डोअरपासून ट्रेलरपर्यंत गाडी कोणीतरी चालवतच नेणार, एवढे गृहीत धरायचे. साडूंनी शिक्षकी शिस्तीने गाडीचे चहूबाजूंनी फोटो काढले, किलोमीटरचा आकडा वहीत टिपला, टाकीत पाव टाकीच पेट्रोल ठेवले. मेहुणीबाईंनी डिकीत लपवलेली लोणच्याची बरणी आणि कुळथाचे पीठ बाहेर काढले, कारण डिकीतल्या सामानाची जबाबदारी कोणी घेत नाही.

रात्री साडेअकराला साडूंच्या मोबाईलवर संदेश आला : किणी टोलनाका, फास्टॅगमधून पैसे वजा. थोड्या वेळाने कोगनोळी. आता ट्रेलरवर चढलेल्या गाडीला टोल कशाचा? आईच्या कडेवरच्या पोराचे एसटीत वेगळे तिकीट काढत नाहीत. साडूंनी कंपनीला फोन लावला. उत्तर आले, "सर, मशीनने चुकून वाचलं असेल." मशीन चुकते, हे मलाही पटले, आमच्या बँकेत ते रोज चुकते. पण चौथ्या दिवशी गाडी बंगळूरला दारात आली तेव्हा साडूंनी वही उघडली. सातशे एक्केचाळीस किलोमीटर जास्त. ट्रेलरवर उभ्या उभ्या गाडी झोपेत चालली असेल, तर गोष्ट वेगळी. खुलासा मागितल्यावर कंपनी म्हणाली, "ट्रेलर भरायला आठ दिवस लागले असते, म्हणून खास तुमच्यासाठी माणूस पाठवला." म्हणजे चौदा हजार घेऊन एका अनोळखी तरुणाला साडूंच्या गाडीतून बंगळूरची सहल घडवली, आणि वर उपकार.

बिल्टीच्या पाठीवर बारीक अक्षरात छापले होते, 'माल मालकाच्या जोखमीवर.' ही ओळ वाचून निम्मे लोक गपगार घरी जातात. जाऊ नये. २००७ चा रस्ते-वाहतुकीने माल नेण्याचा कायदा सांगतो की देवाची करणी, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशी मोजकी कारणे सोडली तर नुकसानीला वाहतूकदार जबाबदार, आणि त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर नाही. भरपाईला मात्र मर्यादा आहे. जादा जोखमीचा दर आधी कबूल केला नसेल तर भाड्याच्या दहापट. चौदा हजारांचे दहापट म्हणजे एक लाख चाळीस हजार, एवढ्यात आख्खी मारुती बसवायची. शिवाय दाव्याआधीची नोटीस माल पोचल्यापासून नव्हे, नोंदवल्यापासून १८० दिवसांत द्यायची. साडूंच्या गाडीला ओरखडाही नव्हता, त्यामुळे त्यांनी फक्त एक खरमरीत पत्र लिहिले. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. उत्तर अजून यायचे आहे.

पण वाहतूकवाल्याशी निदान भांडता तरी येते. माझे खरे भांडण पुढच्यांशी आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या राज्याचा ना-हरकत दाखला हवा. फॉर्म २८, एक नव्हे, तीन प्रती. त्यावर चॅसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, ती कला शासनाने प्रौढांसाठी जपून ठेवली आहे. विमा हवा, पीयूसी हवे, दंडाची जुनी चलने भरलेली हवीत. गाडी कर्जाची असेल तर बँकेची संमती हवी. (कर्ज फेडल्यावर बोजा उतरवायचा राहून जातो, आणि तो आरसीवर दिवंगत आजोबांच्या नावासारखा सातबारा धरून बसतो. आमच्या काउंटरवर अशी माणसे आठवड्याला एक तरी येते.) याच कायद्यात एक गोड कलमही आहे : तीस दिवसांत दाखला नाकारल्याचे कळवले नाही तर तो दिला असे समजावे. समजावे! हातात कागद नसताना सिग्नलवरच्या हवालदाराने काय समजावे, ते कलम सांगत नाही.

हेही मी सोसायला तयार आहे. कागद म्हटला की तो तीन प्रतींत असायचाच, ते आमचेही अन्न आहे. पण कर? सहासष्ट हजार पंधरा वर्षांचे. त्यातली पाच संपली. उरलेल्या दहा वर्षांचे पैसे महाराष्ट्राच्या तिजोरीत आहेत आणि गाडी कर्नाटकाच्या रस्त्यावर आहे. ज्याचा रस्ता त्याला कर, हे तत्त्व मला शंभर टक्के मान्य. मग त्या दहा वर्षांचे पैसे कर्नाटकाला कोण देणे लागतो? महाराष्ट्र. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला असले उत्तर चुकले तर नापास करीत. पण आपल्या व्यवस्थेत ते पैसे साडूंनी पुन्हा खिशातून भरायचे, तेही कर्नाटकाच्या चढ्या दराने. गाडीच्या वयानुसार सूट मिळते, तरी आकडा ऐकून साडूंनी पाणी मागितले. तिथला नंबर मिळाला की त्याचा पुरावा जोडून महाराष्ट्राकडे उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज करायचा आणि वाट पाहायची. आधी भरा, मग मागा. दोन सरकारांमधल्या हिशोबाची उचल निवृत्त मास्तराने आपल्या फंडातून करायची. याला आमच्याकडे बिनव्याजी ठेव म्हणतात, आणि अशी ठेव ठेवणाऱ्याला आम्ही निदान बसायला खुर्ची देतो.

कर्नाटकाला तर बारा महिन्यांचाही धीर नव्हता. २०१४ साली त्यांनी दुरुस्ती करून बाहेरच्या गाड्यांना तीस दिवसांवर आणले होते. २०१६ मध्ये तिथल्याच उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तरी पाहुणी गाडी केव्हा आली याचा पुरावा जवळ असलेला बरा. वाहून नेलेल्या गाडीच्या नावावर टोलची पावती नसते, म्हणून बिल्टी हाच तिचा जन्मदाखला. साडूंकडे बिल्टीही आहे आणि टोलही आहे. त्या सहलीला गेलेल्या तरुणाचे एवढे तरी उपकार मानायला हवेत.

कोणी म्हणेल, वाहनकर राज्यांचा विषय आहे, घटनेनेच दिला आहे. बरोबर, सातव्या परिशिष्टात राज्यसूचीची ५७ वी नोंद. पण समवर्ती सूचीची ३५ वी नोंद वाचा. हा कर कोणत्या तत्त्वांवर घ्यायचा हे ठरवायला तिने केंद्रालाही वाव ठेवला आहे. आणि दोन राज्यांमधला हिशोब जमत नाही, हे तर मला सांगूच नका. १ जुलै २०१७ पासून भिवंडीच्या गोदामातून हुबळीला गेलेल्या साबणाच्या वडीवरचा कर तिच्या मागोमाग हुबळीच्या राज्याला पोचतो. आयजीएसटी म्हणतात त्याला. गिऱ्हाईक साबण लावून आंघोळ करतो, दोन सरकारांचा हिशोब परस्पर होतो. साबणाला जमते ते मोटारीला जमू नये? साबण तर पुढच्या महिन्यात विरघळून जाणार! गाडीची नोंद 'वाहन' नावाच्या देशव्यापी संगणकात आहे. सगळे एका बटणावर दिसते, फक्त पैसे दिसत नाहीत.

सरकारने यावर एक उपाय काढला आहे, नाही असे नाही. १५ सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' मालिकेचे नंबर मिळतात. बीएच म्हणजे भारत. दोन-दोन वर्षांचा कर भरा आणि देशभर हिंडा, नवा नंबर नको. उत्तम. पण कोणाला? सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातले नोकर, सैन्यातले लोक आणि चार किंवा जास्त राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांतले नोकर यांना. म्हणजे मला मिळेल! वीस वर्षांत माझी सर्वांत लांबची बदली सेव्हिंग्जच्या काउंटरवरून लॉकरकडे झाली आहे, तरी उद्या गाडी घेतली तर तिच्यावर 'भारत' लिहायचा हक्क मला आहे. आणि मुलाकडे राहायला गेलेला निवृत्त मास्तर, हुबळीला दुकान टाकणारा सांगलीचा वाणी, नवरा गेल्यावर भावाच्या गावी जाणारी बाई यांच्या गाड्या भारतात नाहीत. त्या आपापल्या राज्यात आहेत. एकोणिसाव्या कलमाने माणसाला देशात कुठेही राहायचा हक्क दिला. चार चाकांचा उल्लेख करायचे घटनाकारांच्या ध्यानात आले नसावे.

मी नोकरीला लागलो तेव्हा रोज सकाळी चेकांचे गठ्ठे क्लिअरिंगला जात. या बँकेचे त्या बँकेला, त्या बँकेचे या बँकेला. एका टेबलाशी बसून दुपारपर्यंत कोणाचे कोणाला किती, याचा निकाल लागे. दहा बँका, हजारो चेक, पण एकाही खातेदाराला कोणी सांगितले नाही की तुम्ही आधी स्वतःच्या खिशातून भरा, मग समोरच्या बँकेकडे मागा. त्या खात्यातली दोन जुनी माणसे अजून आमच्या शाखेत आहेत आणि सध्या पासबुके छापून देण्याच्या कामावर आहेत. ती मी दोन्ही सरकारांना उसनी द्यायला तयार आहे. कोगनोळीच्या नाक्याजवळ एक टेबल टाकावे, महाराष्ट्रातून गेलेल्या गाड्या एका वहीत, कर्नाटकातून आलेल्या दुसऱ्या वहीत. महिन्याच्या शेवटी फरकाचा एकच चेक. दराचा फरक असेल तो साडू आनंदाने देतील, त्यांनी तसे लेखी कळवले आहे. चहाचा खर्च दोन्ही राज्यांनी निम्मा निम्मा करावा. आणि तेवढ्यावरून भांडण होणार असेल, तर तोही साडूंच्या नावे टाकावा.