सागरचित्र आणि गोदातीर

सागराचे तैलचित्र काढू इच्छिणाऱ्या नाशिकच्या मुलाने प्रथम पहाटे रामकुंडावर बसावे, असे आम्ही म्हणतो. चित्राचा खरा विषय पाण्यावरील प्रकाश. तो गोदेवरही आहे. क्लोद मोने याने १८७२ मध्ये ल हाव्र बंदरातील सूर्योदय मोजक्या फटकाऱ्यांनी रंगविला. १८७४ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात त्याची थट्टा झाली. त्या थट्टेतूनच ‘इंप्रेशनिझम’ हे नाव रूढ झाले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनीही समुद्र नव्हे, कोटितीर्थ तलाव रंगविला. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून ओल्यावर ओला रंग चढवावा; छायेत काळ्याऐवजी निळा-जांभळा योजावा. वडीलधाऱ्यांनी मात्र “यात होडी कोठे आहे?” म्हणून मुलास हिणवू नये. चार पावले मागे सरून पाहावे. होडी दिसू लागते.