बॅटरी कोण खातंय?

या अंकाच्या बैठकीत मी हा विषय मांडला, तेव्हा एकीने विचारलंच, संपादकीयाची जागा मोबाइलच्या बॅटरीला द्यायची? मला वाटतं द्यावी. रात्री मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई ११२ किंवा १८१ लावते ती याच यंत्रावरून, बँकेचा ओटीपी याच्यावर, मोर्चाचा निरोप याच्यावर. आणि नेमक्या वेळी ते मिटलेलं असतं.

“हल्ली मोबाइल दुपारीच उतरतो” ही तक्रार गटागटांतून ऐकू येते. त्यावर घरातलं उत्तर ठरलेलं: “तूच दिवसभर त्यात तोंड खुपसून बसतेस.” गॅस लवकर संपला तरी बाईच उधळी, आणि चार्जिंग संपलं तरी बाईच! हिशेब मागायची पद्धतच नाही. खरं तर हा हिशेब फोन स्वतःच लिहून ठेवतो, बचतगटाच्या वहीसारखा. ती वही उघडायला शिकायचं, एवढाच मुद्दा.

सेटिंग्जमध्ये जाऊन ‘बॅटरी’ उघडा. त्यात ‘बॅटरी यूसेज’ किंवा तशाच नावाचं पान असतं. फोनच्या कंपनीप्रमाणे शब्द थोडा बदलतो. तिथे अ‍ॅपांची नावं आणि पुढे टक्के दिसतात. नावावर बोट ठेवलं की बहुतेक फोनवर कळतं, ते अ‍ॅप आपल्या डोळ्यांसमोर किती वेळ उघडं होतं आणि आपल्या नकळत मागच्या बाजूला किती वेळ चालू होतं. पाहायचा तो हा दुसरा आकडा. दोन तास मालिका पाहिली आणि व्हिडिओचं अ‍ॅप यादीत वर आलं, तर त्यात नवल नाही. उजळलेला पडदा मुळात खादाडच. पण आठवडाभर हात न लावलेलं खरेदीचं किंवा कर्जाचं अ‍ॅप तास न् तास जागं असेल, तर ते जागून काय करत होतं, हे विचारायला हवं. पुष्कळदा ते आपण कुठे आहोत, हे टिपत असतं.

नको असलेलं अ‍ॅप सरळ काढून टाका. हवं असेल तर त्याची लोकेशनची परवानगी ‘अ‍ॅप वापरात असतानाच’ एवढ्यावर आणा. अँड्रॉइडच्या २०१९मध्ये आलेल्या १०व्या आवृत्तीपासून ही सोय आहे. त्याच्या बॅटरीच्या पानावर मागच्या बाजूने चालण्यावर बंधनही घालता येतं. मात्र सरसकट सगळ्यांना आवळू नका. व्हॉट्सअ‍ॅपला आवळलं तर निरोप उशिरा येतात, आणि संकटात मदत बोलावणारं अ‍ॅप तर मोकळंच हवं. ‘बॅटरी वाचवा’ म्हणणारी अ‍ॅप घेऊ नका, बहुधा तीच जाहिराती दाखवत बॅटरी खातात. उघडी अ‍ॅप सारखी बोटाने उडवून लावण्यातही फायदा नाही. पुन्हा उघडताना जास्तच खर्च होतो. रेंज नसलेल्या वाडीवस्तीवर फोन टॉवर शोधत दमतो, तिथे काही वेळ ‘फ्लाइट मोड’ बरा, पण तेवढ्यात कुणाचा फोन येणार नाही हे धरून.

काही अ‍ॅप मात्र बाईला काढताही येत नाहीत. अंगणवाडीच्या ताईंचा ‘पोषण ट्रॅकर’ २०२१मध्ये आला. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. ते तापत होते, हँग होत होते, अ‍ॅपला पुरे पडत नव्हते. पुढे २०२५मध्ये घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा जुळवणंही आलं. कॅमेरा, नेट, लोकेशन एकाच वेळी चालू ठेवणारं काम बॅटरी चाटूनपुसून नेणारच. ती वीज कुणाच्या घरातली? मानधनात चार्जिंगचा खर्च धरलेला नाही असं ताई म्हणतात, तेव्हा टक्क्यांचं हे पान मागणीपत्राला जोडायला काय हरकत आहे?

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. कधीकधी यादीत असं नाव दिसतं की जे आपण घेतलेलंच नाही. एखादं ‘सिस्टीम सर्व्हिस’सारखं साळसूद नाव. नवऱ्याने किंवा मित्राने फोन चार मिनिटं हातात घेऊन पाळतीचं अ‍ॅप घातलेलं असू शकतं. बॅटरी अचानक उतरू लागणं ही त्याची एक खूण असू शकते. एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. बॅटरी जुनी झाल्यानेही तसं होतं, आणि फोनचीही तशा नावांची खरीखुरी कामं चालू असतात. पण ‘मी कुठे होते हे त्याला कसं कळतं?’ असं ती विचारत असेल, तर दोन्ही गोष्टी जोडून पाहा.

अशा वेळी अ‍ॅप काढायची घाई करू नका, असं मी कार्यकर्त्यांना कळकळीने सांगते. ते काढताच पाहणाऱ्याकडची माहिती थांबते, त्याला कळतं, आणि मारहाण वाढू शकते. दुसऱ्या फोनने त्या पानाचे फोटो घ्या. आपल्याशी बोलायलाही तिने दुसराच फोन वापरावा. आधी ती कुठे जाणार हे ठरू द्या, मग अ‍ॅपचं बघू.

बाईच्या इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. २०१३पासून तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ डमध्ये होता, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये आहे. नवरा म्हणून सूट असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं चोरून रेकॉर्ड केलेलं संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं. त्याचा अर्थ ‘बायकोचा फोन तपासायला कोर्टाची परवानगी’ असा गावोगाव लावला जाईल. ठाण्यावर कुणी तसं म्हणालं तर कलम ७८ काढून समोर ठेवा.

पुढच्या बैठकीत अर्धा तास काढून सगळ्याजणींनी आपापलं पान उघडून बघा. ज्यांचा फोन सासरच्या कुणाच्या हातात असतो, त्यांच्याशी वेगळं, बाजूला बोला. काय सापडलं ते नावगाव न घालता आम्हाला लिहा, पुढच्या अंकात छापू.