न घातलेल्या बंदीची नोंद

प्रति,
अध्यक्ष आणि पदाधिकारी,
मुंबई क्रिकेट असोसिएशन,
वानखेडे स्टेडियम, चर्चगेट, मुंबई

विषय : पालवणकर बाळू यांना नाकारलेल्या कर्णधारपदाची लेखी नोंद

पालवणकर बाळू यांच्यावर कोणीही, कधीही बंदी घातली नव्हती. त्यांना कर्णधार करू नये असा ठराव कोणत्याही जिमखान्याच्या वहीत दाखवता येत नाही. तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हिंदुस्थानातला सर्वांत भेदक गोलंदाज असलेल्या या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद रीतसर एकदाही मिळाले नाही. कारण सगळ्यांना माहीत होते, आणि म्हणूनच ते लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. बाळू जातीने चांभार होते.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. वडील लष्करात नोकरीला होते आणि बाळूंचे बालपण पुण्यात गेले. लष्करी छावणीच्या आसपास वाढणाऱ्या मुलांना क्रिकेट मिळे ते साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंतून. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात होती : खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे ४ रुपये मिळू लागले आणि नेट लावणे, रेषा आखणे ही कामे वाढली. आजच्या मुंबईच्या मैदानांवर ज्याला माळी म्हणतात, तेच हे काम.

फावल्या वेळात ते साहेबांना गोलंदाजी करत. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज. तो इतरांच्या तासभर आधी मैदानावर येऊन बाळूंच्या चेंडूंवर सराव करी. बाळूंनी बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातला हिशेब बोलका आहे. नेटमध्ये हजारो चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हातात क्लबाने बॅट मात्र दिली नाही. गोलंदाजी म्हणजे अंगमेहनत, ती नोकराने करायची. फलंदाजी साहेबाची. या विभागणीसाठीही कुठे नियम लिहिलेला नव्हता. पण त्यातूनच डावखुऱ्या संथ गोलंदाजीचा असा हात तयार झाला की चेंडूची उंची, वेग आणि वळण तो षटकागणिक बदलू शके.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि गोऱ्यांना हरवील असा गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर रोलर फिरवत होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. काही तेलुगू सभासद त्याच्या बाजूने होते, बऱ्याच ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. शेवटी जिंकण्याची हौस वरचढ ठरली. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळे हाताळत. चहाच्या सुट्टीत मात्र इतरांचा चहा पॅव्हेलियनमध्ये कपातून आणि बाळूंचा बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून. जेवणाचे ताटही वेगळे, बसायची जागाही वेगळी. तोंड धुवायला पाणी द्यायचे तर ते दुसरा अस्पृश्य नोकर आणून देई. साताऱ्याच्या सामन्याची कथा तर आजच्या क्युरेटरांनाही ओळखीची वाटेल. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून गोऱ्या यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी तुळतुळीत केली, आणि बाळूंनी तिच्यावर ७ बळी घेतले.

१८९६ च्या प्लेगनंतर पालवणकर कुटुंब मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही आधी कुरबुर झाली, पण पुण्यापेक्षा मुंबईने एक पाऊल पुढे टाकले. तिथे बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम इतरांबरोबर एका ठिकाणी जेवू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, तेव्हा 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या साप्ताहिकाने या विजयाचा संबंध थेट समाजसुधारणेशी जोडला. पुढच्या वर्षी युरोपियन पुन्हा हरले, या वेळी २३८ धावांनी.

याच काळात बाळूंना बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते तिच्या संघाकडून खेळू लागले. हीच बी. बी. अँड सी. आय. म्हणजे आजची पश्चिम रेल्वे. तिचे रूळ आमच्या शिरगावपासून काही मैलांवर, पालघर आणि बोईसर स्थानकांतून जातात.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली सर्व धर्मांच्या खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराजांचे लक्ष जॉर्ज पंचमांच्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यांत अधिक होते आणि त्यांनी मोजकेच सामने खेळले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी संघ १० हरला, २ जिंकला. अशा दौऱ्यात पस्तिशीतल्या बाळूंनी, खांदा दुखत असताना, एकूण ११४ बळी घेतले आणि प्रत्येक बळीसाठी १८.८४ धावा दिल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात त्यांनी एकट्याने ८ जण बाद केले. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, अशी नोंद क्रिकेटच्या इतिहासकारांनी केली आहे.

प्रथम श्रेणीत बाळूंच्या नावावर ३३ सामने आणि १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. आकडे थोडे दिसतात, कारण त्या काळी असे सामनेच थोडे होत आणि पुण्याच्या मैदानांवर घेतलेले त्यांचे कितीतरी बळी कोणत्याही अधिकृत तक्त्यात बसत नाहीत.

कर्णधारपदाचा प्रश्न इथून पुढे दरवर्षी उभा राहिला. १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्याने धर्मवार संघांच्या तिरंगी स्पर्धेची चौरंगी झाली, प्रेक्षक वाढले, वर्तमानपत्रांतली चर्चा वाढली. ज्येष्ठता, अनुभव, इंग्लंडमधली कामगिरी, कोणताही निकष लावला तरी नाव बाळूंचेच येई आणि निवड दुसऱ्याची होई. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या मुकुंद पै यांनी आपल्याच सत्कारात सांगितले की हा मान खरे तर बाळूंचा होता. सारस्वत ब्राह्मण असलेल्या कर्णधाराने हे जाहीरपणे म्हणणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. निवड समितीवर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही.

तेढ १९२० मध्ये उघड झाली. बाळूंना संघातून वगळले. पै आजारी असल्याने कर्णधार दुसरा नेमायचा होता. बाळूंचे बंधू विठ्ठल त्या वेळी संघाचे आघाडीचे फलंदाज होते. त्यांना डावलून पुण्याच्या दि. ब. देवधरांना नेमले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळेच आपल्याला डावलले जात असल्याचे जाहीर पत्राने सांगितले. पालवणकर कुटुंबाने इतकी वर्षे जे मुकाट्याने सोसले, ते प्रथमच छापील शब्दांत आले. वातावरणही बदलत होते. अस्पृश्यता निवारणाचा मुद्दा काँग्रेसच्या व्यासपीठावर पोचला होता आणि मुंबईतले लोक हिंदू जिमखान्याला जाब विचारू लागले होते. अंतिम सामन्यासाठी पै परतले, भाऊही परतले, आणि बाळू उपकर्णधार झाले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती होती. चाळिशी ओलांडलेल्या बाळूंच्या वाट्याला कर्णधारपद आले ते एवढेच, कोणाच्या तरी बदली.

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदू संघाने चौरंगी जिंकली. अस्पृश्य जातीचा माणूस कर्णधार झाला तर संघ फुटेल, ही भीती एका मोसमात निकाली निघाली. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले.

बेसबॉलमध्ये हीच गोष्ट थोड्या वेगळ्या वाटेने घडली. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय यष्टिरक्षक (त्या खेळात त्याला कॅचर म्हणतात) १८८४ मध्ये टोलेडोच्या संघाकडून वरच्या पातळीवर खेळला. त्याच्याच संघातल्या टोनी मुलेन या गोलंदाजाने पुढे कबूल केले की वॉकर आपल्याला लाभलेला सर्वांत चांगला कॅचर होता, पण काळ्याच्या खुणा पाळायच्या नाहीत म्हणून आपण मनाला येईल तसा चेंडू टाकत असू. वॉकर ते न सांगता टाकलेले चेंडू झेलत राहिला. १४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी करार न करण्याचे ठरवले. वरच्या लीगांनी तर ठरावही केला नाही, नुसती समजूत पाळली. बेसबॉलचा पहिला आयुक्त लँडिस याने १९४२ मध्ये बिनदिक्कत सांगितले की कृष्णवर्णीयांना रोखणारा कोणताही नियम अस्तित्वात नाही. पाच वर्षांनी, १५ एप्रिल १९४७ ला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, तोपर्यंत त्या अस्तित्वात नसलेल्या नियमाने साठ वर्षे काढली होती.

याच लँडिसने १९२१ मध्ये, १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सामनेनिश्चितीच्या प्रकरणात, शूलेस जो जॅक्सनसह आठ खेळाडूंना कायमचे बाहेर काढले होते. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी. ती बंदी लेखी होती, म्हणून तिच्याविरुद्ध अर्ज करता आले, वाद घालता आला, आणि जॅक्सनच्या मृत्यूनंतर त्र्याहत्तर वर्षांनी, मे २०२५ मध्ये, ती उठलीही. जी बंदी लिहिलीच नव्हती ती उठवायची सोय नव्हती. तिथे बेसबॉलने दुसरा मार्ग काढला. डिसेंबर २०२० मध्ये कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगांना प्रमुख लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदवहीत मिळवले. त्या दिवसापासून कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत पहिले नाव जॉश गिब्सनचे आले. एकही प्रमुख लीगचा सामना खेळू न दिलेल्या माणसाचे!

बाळूंचे निवृत्तीनंतरचे आयुष्य राजकारणाच्या कडेने गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्या तरुणाने मानपत्र लिहिले त्याच्याविरुद्ध हा सामना खेळवला गेला, तोही दुसऱ्यांच्या डावपेचांसाठी. या निवडणुकीमुळे आंबेडकरी चळवळीत बाळूंचे नाव आदराने पण दुरूनच घेतले गेले, आणि क्रिकेटवाल्यांनी तर ते १९३२ च्या पहिल्या कसोटीनंतर जवळजवळ सोडूनच दिले. ४ जुलै १९५५ ला मुंबईत त्यांचे निधन झाले. रामचंद्र गुहा यांचे 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' २००२ मध्ये आले, तेव्हा अनेक वाचकांना पालवणकर भावंडे पहिल्यांदा भेटली.

देवधरांच्या नावाने १९७३-७४ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तो मान त्यांचाच होता. महाराष्ट्राला सलग दोनदा रणजी करंडक जिंकून देणाऱ्या कर्णधाराबद्दल दुमत नाही, आणि १९२० ची निवड त्यांनी स्वतः केलेली नव्हती. पण त्या एका मोसमातल्या दोन नावांपैकी एकाचा करंडक झाला आणि दुसऱ्याची तळटीप.

मुंबई क्रिकेट असोसिएशनची स्थापना १९३० ची. बाळूंना डावलणाऱ्या निवड समित्या तिच्या नव्हत्या, त्यामुळे माफीचा प्रश्न तिच्याकडे येत नाही. नोंदीचा येतो. मुंबईचे क्रिकेट ज्या जिमखान्यांतून वाढले, त्यांतला हिंदू जिमखाना वानखेडेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. असोसिएशन मर्चंट, गावस्कर, तेंडुलकर, वाडेकर यांची नावे स्टँडना देऊन हा वारसा आपला म्हणते. वारशात विजय येतात तसा १९२० चा मोसमही येतो.

पालघरहून पहाटेच्या गाडीने किटबॅग घेऊन मुंबईला खेळायला जाणारा शार्दूल ठाकूर भारताकडून खेळला आणि २०२५-२६ च्या मोसमात मुंबईच्या रणजी संघाचा कर्णधार झाला. शिरगाव, माहीम, सातपाटीच्या किनाऱ्यावर ओहोटीला ओल्या वाळूत टेनिस बॉलने खेळणाऱ्या मुलांना त्याचे नाव पाठ आहे. त्याच रुळांवरच्या रेल्वेत नोकरी केलेल्या, मुंबईच्या पहिल्या मोठ्या गोलंदाजाचे नाव त्यांना शाळेच्या पुस्तकातून नाही तर निदान असोसिएशनकडून कळावे. १९ वर्षांखालील मुलांच्या एखाद्या स्पर्धेला, आणि शक्यतो शहराबाहेरच्या तालुक्यांत होणाऱ्या स्पर्धेला, त्यांचे नाव देता येईल. खर्च करंडकाचा.

दुसरी विनंती बिनखर्चाची आहे. वानखेडेच्या आवारात बाळूंचे नाव लिहिले जाईल तेव्हा ते नुसते गौरवाचे नसावे. '१९११ चा इंग्लंड दौरा : ११४ बळी' या ओळीखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, दुसरी ओळ असावी : 'हिंदू संघाचे कर्णधारपद : जातीमुळे दिले नाही'.

शिरगाव, ता. पालघर